चार बोल्ट सोडण्याआधी

सभासद बंधू-भगिनींनो,



आपल्या या पत्रिकेत बेणे, खते, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर नेहमी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी आपल्या गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका वस्तूवर लिहिणार आहे. ती म्हणजे पॉवर वीडर, पॉवर टिलर, बांधावरचे गवत कापायचे मशीन, आणि त्यांच्या डोक्यावर बसवलेले इंजिन. त्यातही मुद्दा एकच घेतो. सर्व्हिसिंगसाठी हे इंजिन मशीनवरून खाली उतरवावे की नाही, आणि उतरवलेच तर कसे?

मुद्दा लहान वाटेल. पण माझ्या पाहण्यात काम करून झिजलेली इंजिने थोडी, आणि विनाकारण उतरवून, हलवून, खोलून बिघडलेली जास्त आहेत. त्यात माझेही एक आहे. म्हणून आधी स्वतःची फजिती सांगतो, मग दुसऱ्याला शहाणपण शिकवतो.

माझीच गोष्ट

सुरू उसाची लागण झाली होती. फाल्गुन लागला, सरीत गवताने डोके वर काढले. दिवाळीपासून पत्र्याखाली उभा असलेला वीडर बाहेर काढला आणि दोरी ओढली. तीस वेळा ओढली. खांदा दुखायला लागला, पण इंजिन काही बोलेना. टाकीत पेट्रोल होते, तेही दिवाळीपासूनचेच.

तालुक्याच्या गावी एका मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, आख्खं मशीन कशाले आणतस? इंजिन सोडी लई ये, दोन दिनमा व्हई जाई." मलाही ते बरे वाटले. तेरा नंबरचा पाना घेतला, बुडाचे चार बोल्ट सोडले, बेल्ट काढला, इंजिन गोणपाटात गुंडाळले आणि मोटारसायकलच्या कॅरिअरवर आडवे टाकून दोरीने आवळले. बावीस किलोमीटरचा रस्ता, आणि आपल्याकडचे खड्डे आपल्याला माहीतच आहेत.

दुकानात उतरवले तर दोरी जागची हलेना. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन जाम शे." मग हेड खोलले. पॅकिंग फाटले, ते मागवावे लागले. दोरीचा स्टार्टर ओढाताणीत तुटला, तोही मागवावा लागला. "उद्या", "परवा", "बाजाराच्या दिवशी" असे करता करता एकोणीस दिवस गेले. तोवर गवत गुडघ्याला लागले, खुरपणीला बाया मिळेनात, मिळाल्या त्या दुसऱ्या गावाहून रिक्षाने आणाव्या लागल्या. उसाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत तण राहिले तर फुटवा मार खातो, आणि मागून कितीही खत घातले तरी ती तूट भरून येत नाही, हे कोणाही ऊसवाल्याला सांगायला नको. माझ्या त्या प्लॉटचे वजन काट्यावर गेले तेव्हा मला एकोणीस दिवसांची खरी किंमत कळली. मेकॅनिकचे बिल त्यापुढे काहीच नव्हते.

पुढे आपल्याच कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका फिटर काकांना ही हकीकत सांगितली. ते हसले. म्हणाले, "अरे, इंजिनाला काही झालंच नव्हतं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसला होता. जागेवर पंधरा-वीस मिनिटांचं काम. पुढचा सगळा आजार तू रस्त्यात लावून घेतलास."

त्यांनी उलगडून सांगितले ते असे. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात खाली तेल असते. इंजिन उभे असते तोवर ते तेल आपल्या जागी राहते. आडवे टाकून हादरे दिले की ते हवेच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये जाते, पिस्टनच्या बाजूनेही वर चढते. पिस्टनच्या डोक्यावर तेल साचले की दोरी ओढली जात नाही, कारण हवा दाबली जाते तसे तेल दाबले जात नाही. अशा वेळी प्लग काढायचा, तोंडावर फडके धरून दोरी हळूहळू ओढायची आणि तेल बाहेर पडू द्यायचे. प्लग पुसून लावायचा. एवढाच उपाय. आम्ही मात्र हेड खोलून बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पूर्वी मिस्त्री इंजिनाकडे यायचा

आमच्या वडिलांच्या वेळी असे होत नसे. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठी आणि गावोगावच्या विहिरींवर तेव्हा डिझेलची इंजिने धडधडत. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात निघाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वीज पोचण्याआधी विहिरीवर इंजिन पोचले. ती इंजिने लोखंडाच्या गोळ्यासारखी जड. सिमेंटच्या पायात बोल्ट पुरून घट्ट बसवलेली. ती हलवायची म्हणजे आठ-दहा माणसे आणि बैलगाडी. त्यामुळे कोणी ती हलवीतच नसे. मिस्त्रीच सायकलीला पिशवी अडकवून मळ्यात यायचा. इंजिन जिथे चालते तिथेच ते ऐकायचा. धूर कोणत्या रंगाचा, ठोका कुठून येतो, विहिरीचे पाणी किती खाली गेले, हे सगळे बघूनच पाना काढायचा. मालक शेजारी उभा राहून बघायचा, आणि बघता बघता निम्मा मिस्त्री व्हायचा.

आज वीडरवरचे पाच-साडेपाच अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पंधरा-सोळा किलोचे असते. पोरगेसुद्धा काखेत मारून नेईल. होंडाची जीएक्स मालिका 1983 साली आली, आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी त्याच मापाची, त्याच चार भोकांची इंजिने काढली. पाण्याचा पंप, फवारणीचा पंप, वीडर, सगळीकडे तीच ठेवण. ही सोय खरीच मोठी आहे. पण झाले असे, की इंजिन उतरवणे सोपे झाले म्हणून ते गरजेचे आहे असे आपल्याला वाटू लागले. पूर्वी मिस्त्री इंजिनाकडे यायचा, आता इंजिन मिस्त्रीकडे जाते. आणि मशीनपासून सुटलेले इंजिन म्हणजे घरच्या माणसाशिवाय दवाखान्यात नेलेला रोगी. तो मुका, आणि त्याचे काय दुखते हे सांगणारा कोणी बरोबर नाही.

आपल्या कारखान्याच्या गेस्ट हाऊससमोर हिरवळीवर फिरणारे गवत कापायचे मशीन आपण पाहिले असेल. ते वीडरचेच भावंड आहे. असे पहिले मशीन इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसाने 1830 साली केले, आणि त्याला ती कल्पना कापडाच्या गिरणीतल्या यंत्रावरून सुचली. कापडावरची लव साफ करणारी फिरती पाती त्याने पाहिली आणि ती गवतावर चालवली. अमळनेर, धुळे, जळगावच्या गिरण्यांचे भोंगे ऐकलेल्या आपल्या माणसांना हे लवकर पटेल. ती मशीने आधी माणूस ढकलीत असे, पुढे घोडे ओढीत, आणि 1902 च्या सुमारास त्यांवर पेट्रोलचे इंजिन बसले. तेव्हापासून गोष्ट तीच आहे. काम पाती करतात, ओढ इंजिन देते, आणि दोष कुठेही असला तरी संशय इंजिनावर येतो.

आपलेच इथेनॉल, आपलाच कार्बोरेटर

आता एक गोष्ट ऊसवाल्यांनी तरी समजून घेतलीच पाहिजे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्याकडे 2003 साली 5 टक्क्यांनी सुरू झाला. 2023 च्या फेब्रुवारीत 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि 2025 साली देशाने 20 टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. ऊसवाल्यांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. इथेनॉलच्या पैशामुळे साखर उद्योगाला हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण इथेनॉलचा एक स्वभाव आहे. ते हवेतली ओल ओढून घेते. मोटारसायकलची टाकी आठवड्यात रिकामी होते, तिथे काही बिघडत नाही. वीडर मात्र चार-चार महिने उभा असतो. पावसाळ्याच्या दमट हवेत टाकीत ओल शिरते, पाणी फार झाले की इथेनॉलला घेऊन तळाशी बसते. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, आणि मागे राहिलेला चिकटा कार्बोरेटरच्या जेटचे सुईएवढे भोक बंद करतो. शिवाय बऱ्याच जुन्या लहान इंजिनांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले असते. त्यांच्या रबरी नळ्या आणि पॅकिंग अधूनमधून तपासत राहावे लागते.

यावर उपाय फुकटचा आहे. काम संपले आणि मशीन महिनाभर उभे राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. मी हे दिवाळीला केले असते, तर फाल्गुनात एकोणीस दिवस गेले नसते. आपल्याच उसाचे इथेनॉल आपल्याच वीडरला बाधले, पण दोष उसाचा नाही, आळसाचा आहे.

न उतरवता होणारी कामे

वीडरच्या बहुतेक तक्रारी इंजिन जागेवर ठेवूनच मिटतात. इंजिन सुरू होत नाही, तर आधी पेट्रोल ताजे आहे का पाहा, प्लग काढून पुसा, कार्बोरेटरची खालची वाटी सोडून जेट साफ करा. काळा धूर येतो, तर एअर फिल्टर धुळीने भरला असेल. आपल्याकडे चैत्र-वैशाखात काळ्या रानात वीडर चालवला की संध्याकाळी फिल्टरवर मूठभर धूळ बसलेली असते. पुस्तिकेत दर 50 तासांनी साफ करा असे लिहिलेले असले, तरी आपल्या धुळीत ते रोजचे काम समजावे. इंजिन तापते, तर सिलिंडरभोवतीच्या पंख्यांत पाचट आणि गवत अडकलेले असते. ते लाकडी काडीने काढावे. ओढ कमी पडते, तर बेल्ट सैल झालेला असतो. डिझेल इंजिनाने एअर धरली, तर नळीचा बोल्ट सैल करून हवा काढायची, हे तर आपल्याला विहिरीच्या इंजिनापासून ठाऊक आहे. एअर धरली म्हणून कोणी इंजिन उतरवत नाही.

तेल बदलणे हे सर्वांत मोठे औषध. नव्या इंजिनाचे पहिले तेल साधारण 20 तासांनी आणि नंतर दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे, असे या वर्गातल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांच्या पुस्तिकेत असते. त्यात तेल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर बसते. चहापाण्यात जातो तेवढ्या पैशात पिस्टन वाचतो. मशीन किंचित तिरके करायचे झाले, तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असेच करावे. हा एक नियम मला आधी माहीत असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

इंजिन उतरवणे जरूर पडते ते कशासाठी? निळा धूर येतो, तेल घटते आणि दोरी हलकी लागते, म्हणजे रिंगा गेल्या असतील. आतून लोखंडी ठोका येतो, म्हणजे बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड. बेल्टकडच्या बाजूने तेल गळते, म्हणजे सील. बुडाची चौकट तडकली, किंवा मागच्या गिअरबॉक्सला हात घालायचा आहे. अशी पाच-सहा कारणे. याखेरीज कोणी "इंजिन सोडून आणा" म्हणाला, तर त्याला नम्रपणे एकच विचारावे, "भाऊ, कशासाठी?" त्याचे उत्तर त्याच्याकडे नसेल तर पाना परत पिशवीत ठेवावा.

उतरवायचेच असेल तर

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. एकोणीस दिवसांनी इंजिन घरी आणले आणि मी स्वतःच बसवले. बोल्टखालची एक जाड चकती हरवली होती. मी म्हटले, एका चकतीने काय होते? इंजिन किंचित तिरपे बसले, दोन पुल्या एका रेषेत आल्या नाहीत, आणि नवा बेल्ट आठ दिवसांत धागे-धागे होऊन तुटला. चकती चार रुपयांची आणि बेल्ट शेकड्यांत.

म्हणून फिटर काकांनी शिकवलेली रीत इथे देतो.

इंजिन थंड होऊ द्यावे. प्लगची टोपी काढून बाजूला बांधावी, म्हणजे चुकून सुरू होणार नाही. पेट्रोल काढून घ्यावे. तेल काढावे, आणि तेल काढले की लगेच दोरीच्या मुठीला एक चिठ्ठी बांधावी, "तेल नाही". ही चिठ्ठी विसरू नये. तेलाशिवाय सुरू केलेले इंजिन पुन्हा धड होत नाही, आणि ते सुरू करणारा बहुधा घरातलाच कोणी मदत म्हणून करतो.

बाहेरची माती-पाचट बोल्ट सोडण्याआधी साफ करावी, सोडल्यानंतर नव्हे. मग मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत. केबल कोणत्या भोकात आहे, स्प्रिंग कशी अडकली आहे, कोणत्या बोल्टखाली किती चकत्या आहेत, हे फोटोत दिसले पाहिजे. बोल्ट आणि चकत्या एका डब्यात, आणि डबा घरात, गोठ्यात नव्हे. बेल्ट काढताना ताण देणारी पुली सैल करावी. पेचकस घालून बेल्ट उचकटू नये. पुली निघत नसेल तर पुलर लावावा, हातोडा मारू नये. हातोड्याचा घाव पुलीवर दिसतो, पण लागतो तो आतल्या दांड्याला आणि बेअरिंगला.

पॉवर टिलरची गोष्ट आणखी जपून. त्याचे डिझेल इंजिन शंभर किलोच्या वर जाते. ते चार जणांनी "हईशा" म्हणून उचलण्याची वस्तू नाही. लोखंडी तिकाटणे आणि चेन पुली लावूनच ते उचलावे, आणि तेही उचलण्यासाठी दिलेल्या कडीतून. टाकीला किंवा सायलेन्सरला साखळी बांधू नये. दुसरे म्हणजे टिलरचे इंजिन पुढे असते आणि हँडल मागे. इंजिन निघाले की पुढचे वजन जाते आणि मागची बाजू धाडकन खाली येते. म्हणून आधी पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. लटकत्या इंजिनाखाली हात किंवा पाय घालू नये, मग बोल्ट कितीही हट्टी असो.

न्यायचे झाले तर उभेच न्यावे. केळीच्या किंवा भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये गोणपाट कोंबून ते घट्ट बसवले की हलत नाही. आणि परत बसवताना आधी तेल भरावे. मग दोन्ही पुल्यांवरून एक सुतळी ताणून धरावी. सुतळी दोन्ही पुल्यांच्या काठांना सारखी टेकली, तर पुल्या एका रेषेत आहेत. भिंतीला ओळंबा लावतो तसेच हे. तासभर चालवून बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.

कारखान्याकडून काय शिकावे

सभासद बंधूंनो, यात नवे काहीच नाही. आपला कारखाना दरवर्षी हेच करतो. गाळप संपले की वर्कशॉपचे काम सुरू होते. मिलचे रोलर उचलतात, बेअरिंगच्या पितळा तपासतात, टर्बाईन खोलतात. पण कोणता भाग खोलायचा हे आधी ठरलेले असते. गाळपाच्या दिवसांत कुठे ठोका होता, कुठे तापत होते, याची नोंद असते. त्या नोंदीवरून काम निघते. प्रत्येक भागावर खूण केलेली असते, मापे वहीत लिहिलेली असतात. आणि हे सारे गव्हाणीत पहिली मोळी पडण्याच्या कितीतरी आधी पुरे होते. ऐन हंगामात मिल बंद पडली तर आपण सर्वसाधारण सभेत चेअरमनसाहेबांना आणि चीफ इंजिनिअरला उभे करून जाब विचारतो. मग आपल्या घरचा वीडर ऐन बाळबांधणीच्या वेळी खोलून पडला, तर जाब कोणाला विचारायचा?

यंत्र नुसते उभे राहिले तर त्याचे काय होते, हे आपल्या जळगाव-धुळे जिल्ह्यांना कोणी शिकवायला नको. बंद पडलेल्या कारखान्यांची धुराडी आपण येता-जाता पाहिली आहेत.

एक सूचना

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, नवे इंजिन घ्यावे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून आपल्यापैकी अनेकांनी अनुदानावर मशीने घेतली हे खरे. पण अनुदान मशीन घेताना मिळते, ते सांभाळायला मिळत नाही. दोन-तीन एकरांच्या सभासदाला दर चार वर्षांनी नवे इंजिन परवडत नाही.

दुसरे म्हणतील, मिस्त्री मळ्यात येतच नाही. यात तथ्य आहे, आणि मी मिस्त्रीला दोष देणार नाही. एका वीडरसाठी वीस किलोमीटर येऊन त्याचे पोट भरत नाही. दुकानात बसून दिवसाला चार इंजिने हाताखालून जातात. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही "सोडून आणा" असेच म्हटले असते. पण एका इंजिनासाठी न येणारा मिस्त्री दहा इंजिनांसाठी येईल. एकट्याच्या उसासाठी कोणी कारखाना काढत नाही. 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, ते याच हिशेबावर. तोच हिशेब इंजिनालाही लागू आहे.

म्हणून संचालक मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे ती अशी. दरवर्षी गाळप सुरू होण्याआधी आणि पुन्हा माघात, लागणीच्या उसाची खुरपणी सुरू होण्याआधी, प्रत्येक गटात एक दिवस इंजिन तपासणीचा ठेवावा. गट ऑफिसच्या आवारात त्या दिवशी सभासदांनी आपापली मशीने, इंजिन न सोडता, आख्खी आणावीत. वर्कशॉपचा एक फिटर आणि गावातले मेकॅनिक यांनी ती तपासावीत. जागेवर होणारे काम तिथेच करावे. ज्याचे इंजिन खरोखर उतरवावे लागेल, त्याला कारण लिहून द्यावे. दर गटाला एक लोखंडी तिकाटणे, एक चेन पुली आणि एक पुलर द्यावा. तो गट ऑफिसात राहील, सभासद सही करून नेईल आणि परत आणून देईल. जुन्या लोखंडाचे तिकाटणे तर आपल्याच वर्कशॉपमध्ये उभे राहील.

खर्चाचे म्हणाल तर, बिलातून कपात म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते, माझ्याही पडते. म्हणून कपात नको. तेल, प्लग, फिल्टर यांचे पैसे ज्याचे त्याने तिथल्या तिथे द्यावेत. सभासदांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सहकार कायद्यानेही संस्थांवर टाकलेली आहे. प्रशिक्षण म्हणजे दर वेळी मंडपात बसून भाषण ऐकणे असे थोडेच आहे? पाना हातात घेऊन घेतलेले शिक्षणही शिक्षणच.

आणि ज्यांची पोरे आयटीआयला डिझेल मेकॅनिक किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक शिकत आहेत, त्यांना त्या दिवशी जरूर आणावे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची आणि चाचणीची संस्था 1955 पासून आहे. भुसावळहून इटारसीला जाणाऱ्या गाडीत बसले की ती काही परक्या मुलखात नाही. गटातला एखादा तरुण तिथे शिकून आला, तर आपला सायकलवरचा मिस्त्री पुन्हा मळ्यात येईल. सायकलीऐवजी मोटारसायकलवर येईल, एवढाच फरक.

शेवटी एवढेच सांगतो. माझ्या वीडरच्या बुडाला आता मी लाल रंगाने चार ठिपके दिले आहेत, चार बोल्टांच्या शेजारी. धाकटा मुलगा विचारतो, हे कशाला? मी सांगतो, पाना लावण्याआधी चार गोष्टी आठवायला. पेट्रोल पाहिले का? प्लग पाहिला का? फिल्टर पाहिला का? तेल पाहिले का? या चौघांनी हात टेकले, तरच पाचवा उपाय. यंदा अजून तरी पाना पिशवीतच आहे, आणि ऊस सरीत एकसारखा दिसतो आहे.

सभासदांनी यावर आपली मते गट ऑफिसात लेखी द्यावीत, आणि येत्या वार्षिक सभेत हा विषय घेण्याची मागणी करावी, ही विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद